आधी थांबणे, मग चालणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी पाककृती, आरोग्य, मुलांचे संगोपन असे विषय ऐकत आलो आहोत. यंदा चिटणीसबाईंनी मला निक्षून सांगितले, "तुमच्या दारातल्या त्या जुन्या मोटारीवरच बोला. सगळ्यांना तिचीच उत्सुकता आहे." माझे आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात गेले, तेव्हा यंत्रांच्या बाबतीत मी अधिकारी व्यक्ती नव्हे. पण गाडी दुरुस्त होत असताना आठ महिने मी जवळ बसून होते, लागेल तेव्हा हातही काळे केले आणि खर्चाची वही तर माझ्याकडेच होती. तेवढ्या अधिकारावर चार शब्द सांगते.

प्रथम गाडीची ओळख करून देते. ती १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. आधीच्या गोल नाकाच्या गाडीला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. १९६४ साली आपल्याकडे चौकोनी चेहऱ्याची डिलाइट आली, आणि तीच पुढे १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घरोघर पोहोचली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून आपण सर्वजणी तिच्यात कधी ना कधी बसलो आहोत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सीनेही मुंबईचा निरोप घेतला.

आमची गाडी शेजारच्या वाड्याच्या पडवीत १९ वर्षे उभी होती. मालक वारले, मुले पुण्यास स्थायिक झाली, वाडा विकला गेला. भंगारवाल्याने भावही सांगून ठेवला होता. आमच्या घरच्यांनी त्याहून थोडे अधिक देऊन ती घेतली. मी एकच अट घातली होती : पैसे देण्याआधी कागदपत्रे पाहावयाची. आरसी बुक सापडले, पण ते कैलासवासी मालकांच्या नावावर होते. तेव्हा आधी वारसांच्या नावावर आणि मग आमच्या नावावर, असे आरटीओचे दोन प्रवास झाले. भगिनींनो, जुनी गाडी घेताना इंजिनाचा आणि चॅसीचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. तो जुळत नसेल तर गाडी कितीही देखणी असो, घेऊ नका.

गाडी अंगणात आली आणि घरात तीन पक्ष पडले. ह्यांना आधी रंग हवा होता. पुतण्याला आधी इंजिन सुरू झालेले ऐकावयाचे होते. मी वही उघडली आणि तीन रकाने आखले : थांबणे, चालणे, दिसणे. पहिल्या रकान्यातले काम पुरे झाल्याखेरीज गाडी फाटकाबाहेर काढावयाची नाही, असे मी सांगून टाकले. यात हट्ट नव्हता. आपले जुने सातारा गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले, आणि आमच्या गल्लीच्या तळाशी प्राथमिक शाळा. तिथे सुटलेली गाडी कोठे जाऊन थांबेल हे सांगण्यास यंत्रशास्त्र लागत नाही.

दुरुस्तीला जे मिस्त्री लाभले त्यांनी मुंबईत ३० वर्षे फियाट टॅक्स्यांचीच कामे केलेली. त्यांना माझे रकाने पटले. ते म्हणाले, "बाई, इंजिन बिघडलं तर गाडी रस्त्यात उभी राहील, एवढंच. ब्रेक बिघडला तर ती उभी राहणार नाही."

आता ब्रेकची रचना थोडक्यात सांगते. पायाखालचा पेडल दाबला की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे ढकलले जाते. तिथले छोटे दट्टे बाहेर सरकतात आणि ड्रमच्या आतील लायनर ड्रमला घासून चाक अडवतात. हे तेल हवेतले पाणी शोषून घेते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की त्या पाण्याने दट्टे आणि नळ्या आतून गंजतात, रबरे कडक होतात. शिवाय आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक निकामी झाला तरी दुसरा काम देतो. आमच्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच मार्ग. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले, हाती उरतो तो हँडब्रेक.

ड्रम उघडले तेव्हा दोन चाकांचे दट्टे गंजून जाम झालेले निघाले. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, म्हणून मिस्त्रींनी आतली धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घेतली. ही धूळ छातीत जाणे वाईट. रबरे, लायनर, मास्टर सिलिंडर सारे नवे आणावयास सांगितले. सुटे भाग कोल्हापूर आणि मुंबईहून हळूहळू गोळा होत गेले. त्यात महिने मोडले.

तोवर इंजिनाकडे लक्ष दिले. उभे राहिलेले इंजिन एकदम सेल्फ मारून फिरवू नये, कारण आत पिस्टन चिकटलेले असू शकतात. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडले, तीन दिवस मुरू दिले. मग सपाट अंगणात गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून सर्वांनी मिळून हळूच ढकलली. चाकाबरोबर इंजिन फिरले, तेव्हा मिस्त्रींचा चेहरा प्रथमच खुलला. टाकीतले जुने पेट्रोल लाखेसारखे चिकट झाले होते. टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर साफ केला, इंजिन ऑइल बदलले, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी नव्या घातल्या. एका गोष्टीची मला कल्पना नव्हती. २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते, आणि जुन्या काळच्या रबराला ते सोसत नाही. पेट्रोलच्या नळ्या मऊ पडून गळू लागल्या आणि ते पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडले तर आग लागते. म्हणून सर्व नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घेतला, आणि पुढच्या सीटखाली आग विझवण्याची छोटी नळकांडीही ठेवली.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी इंजिन सुरू झाले. गल्लीतली मुले टाळ्या वाजवू लागली. पुतण्या म्हणाला, "काकू, देवीपर्यंत एकच फेरी!" ह्यांचेही मन झाले. एवढे दिवस राबलेल्या माणसांना नाही म्हणणे जिवावर येते. पण ब्रेकच्या रबरांचे काम झाले असले तरी पोलादी नळ्या जुन्याच होत्या, आणि त्यांची परीक्षा व्हावयाची होती. वहीतला पहिला रकाना अपुरा होता. किल्ली मी पदराला बांधली. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ घालून, चाकांखाली लिंबे ठेवून गाडीची पूजा अंगणातच झाली. घरात दोन दिवस थोडी शांतता होती, हे आपल्यापासून कशाला लपवू?

पुढच्या रविवारी मिस्त्री आले. ब्रेकमधली हवा काढावयास दोन माणसे लागतात : एकाने पेडल दाबावयाचा, दुसऱ्याने चाकाजवळचा स्क्रू सोडून तेलाबरोबर हवेचे बुडबुडे जाऊ द्यावयाचे. पेडलवर मी बसले. "दाबा, धरा, सोडा" असे तासभर चालले. मग ते म्हणाले, "आता चाकांना दगड लावून जीव खाऊन दाबा." मी दाबला. पाय घट्ट थांबला, आणि पुढच्याच क्षणी पेडल सरळ तळाला गेला. मागच्या आसाजवळची नळी फुटली होती. वरून ती धड दिसत होती, गंज आतून होता. अंगणात तेलाचा ओघळ वाहत होता आणि कोणी काही बोलत नव्हते. ह्यांनी उठून स्वतः फाटकाची कडी लावली आणि म्हणाले, "सगळ्या नळ्या नव्या घाला." रंगासाठी बाजूला काढलेले पैसे त्या दिवशी पहिल्या रकान्यात गेले.

त्यानंतर टायर. नक्षी कोरी दिसत होती, पण रबराला भेगा होत्या. टायर वापरून झिजतो तसा नुसता राहूनही म्हातारा होतो. आजच्या टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३२४ असे असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. आपल्या घरच्या स्कूटरचे टायर घेतानाही हे आकडे वाचून घ्या.

शेवटचा प्रश्न नोंदणीचा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या खाजगी गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते. मान मोठा आहे, पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांखेरीज रोज रस्त्यावर चालवता येत नाही. आम्हांला गाडी शोभेसाठी नको होती. सासूबाईंना दवाखान्यात न्यावे, मंडईत जावे, एवढीच हौस. म्हणून तपासणी करवून, उशिराचा दंड आणि पर्यावरण कर भरून नेहमीची नोंदणीच नवी करून घेतली. विमा आणि पीयूसी तर हवेतच.

आता गाडी धावते. पोवई नाक्यावर लोक वळून पाहतात. यवतेश्वरचा घाट आम्ही चढून आलो, आणि ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरलो, कारण उतारावर सारखा ब्रेक दाबला तर ड्रम तापून ब्रेक धरेनासे होतात. रंग अजून जुनाच आहे, डाव्या दाराला पोचा आहे. तिसऱ्या रकान्यात आजवर एकच नोंद आहे : झेंडूची माळ.

भगिनींनो, आपल्यापैकी कित्येकींच्या दारात बरीच वर्षे उभी असलेली एखादी गाडी किंवा स्कूटर असेल. एके दिवशी घरातले उत्साही लोक तिला किक मारतील. तेव्हा चहा जरूर करा, कौतुकही करा, पण ब्रेक कोणी तपासले आणि केव्हा, हे विचारल्यावाचून किल्ली देऊ नका. हा प्रश्न विचारण्यास यंत्रांचे शिक्षण लागत नाही, आणि तो विचारण्याचा अधिकार गाडीत बसणाऱ्या प्रत्येकीला आहे, तसाच उताराच्या तळाशी राहणाऱ्यांनाही आहे.