टेबलाच्या पलीकडून

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहून देताना घातले आहेत.)



नाव पुकारताना माझा उल्लेख 'आपले टेबल टेनिसपटू' असा झाला. आधी ते दुरुस्त करतो. मी आयुष्यात एकही स्पर्धा जिंकलेली नाही. दोन्ही विंग मिळून आज माझ्यापेक्षा चांगली खेळणारी निदान पाच मुलं इथे बसली आहेत. मी त्यांच्यासमोर उभा राहतो, एवढंच. आज त्या उभं राहण्याबद्दलच बोलणार आहे.

टेबल आलं तेव्हा ते पार्किंगमधल्या दोन खांबांच्या मध्ये बसवलं. नऊ फूट बाय पाच फूट, पण खेळायला मागे-पुढे जागा लागते हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यात चेंडूचं वजन २.७ ग्रॅम. संध्याकाळी कुंडलिकेकडून वारा सुटला की सर्व्हिस एका टोकाला आणि चेंडू कुणाच्या तरी स्कूटरखाली. मग जुन्या बॅनरचे पडदे लावले, ते बऱ्याच जणांना आठवत असतील. पावसाळ्यात रोह्याची दमट हवा रबरावर बसते आणि चेंडू फिरायच्या ऐवजी घसरतो. म्हणून मी सारखा बॅट पुसतो. मुलं त्यावरून माझी नक्कल करतात, मला ठाऊक आहे.

तर बी विंगमधली एक मुलगी. आज ती शिक्षणासाठी बाहेरगावी आहे, तिला विचारूनच हे सांगतोय. सहावीत असताना मी तिला बॅट धरायला शिकवलं आणि आठवीत ती मला सरळ हरवायला लागली. आता अडचण बघा. ठाण्या-मुंबईच्या मुलाला एका हॉलमध्ये आपल्यापेक्षा सरस दहा जण मिळतात. ठाण्याच्या मधुरिका पाटकर २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघात होत्या, त्यांचं चित्र हिच्या वहीवर चिकटवलेलं असायचं. पण आपल्या पार्किंगमध्ये सरस ती एकटीच. बाकी आम्ही सगळे तिच्याहून कच्चे. रोज तिच्यासमोर कोण उभं राहणार? धाटावची पहिली पाळी संपवून आलेला मी.

आणि मी काय केलं, तर हरायला लागल्यावर बॅट बदलली. एका बाजूला लांब काट्यांचं रबर लावलं. या रबराची गंमत अशी की समोरच्याने वरून फिरवून मारलेला चेंडू परत जाताना उलटा फिरत जातो आणि जाळ्यात पडतो. ते ओळखता यावं म्हणून तर बॅटच्या दोन बाजू वेगवेगळ्या रंगांच्या ठेवायचा नियम आहे. मी मधेच बॅट फिरवायचो. ती चुकायची, मी गुण मोजायचो. ११-७, ११-८. वर जेवताना घरी सांगायचोसुद्धा. दोन महिने हेच चाललं, आणि त्यानंतर तिची जिल्ह्याची स्पर्धा होती.

पहिल्याच फेरीत समोर साधं रबर असलेली, नुसता ब्लॉक करणारी मुलगी आली. हिला सवय लागली होती माझा उलटा चेंडू उचलायची. साधा चेंडू उचलला की तो टेबलाबाहेर जातो. तीन गेममध्ये सामना संपला. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "काका, मला तुमच्याशी खेळायची प्रॅक्टिस झाली होती."

ती रागाने बोलली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. त्या आठवड्यात मी ते रबर काढून ठेवलं आणि तिलाच विचारलं, तुला काय हवंय?

तिला हवं होतं ते फार साधं होतं. तिच्या बॅकहँडच्या कोपऱ्यात एकाच वेगाने वीस चेंडू. मला पाचसुद्धा जमेनात. जोरात मारणं मला येत होतं, एकाच जागी टाकणं येत नव्हतं. म्हणून टेबलावर खडूने वहीएवढा चौकोन काढला. चार महिने मी फक्त ब्लॉक शिकलो: बॅट थोडी झुकवायची, हात सैल ठेवायचा, वेग तिचाच वापरायचा. माझा खेळ सुधारला असेल तर त्या चार महिन्यांत.

बाकी गोष्टी हळूहळू कळल्या. ती फटका घोटवत असेल तेव्हा मधेच स्मॅश मारून गुण घ्यायचा नाही. आपली चूक झाली की दर वेळी 'सॉरी सॉरी' करायचं नाही, पुढचा चेंडू घ्यायचा. तिचं काय चुकतंय ते विचारल्याशिवाय सांगायचं नाही. हे मला सगळ्यात जड गेलं, घरचे साक्षीदार आहेत. रॅली टिकतच नसेल तर बादलीभर चेंडू घेऊन एकामागून एक टाकत राहायचे. त्याला मल्टीबॉल म्हणतात आणि तो दुबळ्यालाही छान जमतो. पण शेवटची पंधरा मिनिटं मात्र खरा सामना, जीव तोडून. तिथे सोडून दिलं तर तिला लगेच कळायचं. आणि हो, स्पर्धेच्या बरंच आधी, तिनेच मागितलं म्हणून, ते काट्यांचं रबर पुन्हा काढलं. आठवड्यातून एकदा, सांगून.

हे काम नवीन नाही. १९५२ साली मुंबईत जागतिक स्पर्धा झाली, त्यात जपानचे हिरोजी सातो स्पंजची बॅट घेऊन आले आणि विजेते झाले. तसा चेंडू समोरच्यांनी कधी खेळलेलाच नव्हता. पुढे १९६१ च्या बीजिंगच्या स्पर्धेआधी जपानी खेळाडूंच्या नव्या फिरकी फटक्याची चीनला धास्ती होती. तेव्हा चीनच्या काही खेळाडूंनी स्वतःचा खेळ बाजूला ठेवून तो फटका शिकून घेतला, आपल्याच साथीदारांना सराव मिळावा म्हणून. चीनने जपानला हरवून पुरुषांचं सांघिक विजेतेपद पहिल्यांदा मिळवलं. आपल्या पार्किंगची त्याच्याशी बरोबरी करत नाही, पण खडूचा चौकोन काढताना मला त्याचा आधार वाटायचा.

ती पुढच्या वर्षी जिल्ह्यात उपांत्य फेरीपर्यंत गेली. हरली, पण पाच गेम खेळून.

आता जरा अवघड विषय. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत टेबल काढून तिथे दुचाक्या लावायचा ठराव आहे. मी स्वतः दुचाकीवाला आहे, रोज रात्री गाडी कुठे घुसवायची हा प्रश्न मलाही आहे. ठराव मांडणाऱ्यांवर माझा राग नाही. माझं म्हणणं इतकंच की आपलं टेबल चाकांचं आहे, घडी करून भिंतीला लागतं. संध्याकाळी सात ते नऊ एवढाच वेळ जागा द्या. नऊ वाजता घडी करून ठेवायची जबाबदारी मी लिहून देतो, आणि माझी पाळी असेल त्या दिवसांसाठी आठवीतल्या दोघांनी नावं दिली आहेत.

सध्या मंगळवारी आणि शुक्रवारी मी खाली असतो. जादा बॅट दोन आहेत. चेंडू मात्र संपत आलेत, गच्चीच्या पन्हाळीत गेलेले कुणी साफसफाईत काढले तर कृपया वॉचमनकडे द्यावेत.