पंधरा टनांची एक रात्र

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात महिला व बालमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘मुलांसोबतची सहल’. गेली कित्येक वर्षं या मंचावरून अष्टविनायक, गणपतीपुळे, महाबळेश्वर, झालंच तर काशी-अयोध्या अशी वर्णनं आपण ऐकली. मी आज देवाचं ठिकाण सांगणार नाही, थंड हवेचंही नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार पिढ्या मिळून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात एक रात्र राहून आलो, ते सांगणार आहे. लगेच कुजबुज सुरू झाली बघा! थांबा, मोठेपणा मिरवायला उभी नाही मी. त्या एका रात्रीचा हिशोब आमच्या घरात अजून चालू आहे, तो तुमच्यापुढे मांडावा म्हणून उभी आहे.

मुलाला पुण्यात कंपनीत बढती मिळाली. तो म्हणाला, “आजीला एकदा ताजमध्ये न्यायचंय.” आजी म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. मग आत्या, मी, मुलगा, सूनबाई, अकरा वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू असे सहा जण निघालो. आमचे हे आले नाहीत. कॅनॉलचं आवर्तन सुटलेलं, आमची पाळी रात्रीची. पाण्याच्या पाळीपुढे ताज काय आणि इंद्रभवन काय!

आत्यांची एक सवय आपल्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कुठलीही किंमत उसात मोजतात. फ्रिज किती टनांचा, लग्न किती टनांत झालं, असं. गाडीतच त्यांनी नातवाला विचारलं, “एका रातीचं किती रं?” दोन खोल्या, त्यावर कर, सगळं धरून पंचेचाळीस हजारांच्या घरात. भाडं साडेसात हजारांच्या वर गेलं की अठरा टक्के जीएसटी लागतो, हे तिथं जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. आत्यांनी टनाला तीन हजार धरले आणि म्हणाल्या, “म्हंजी पंधरा टन. एका रातीत पंधरा टन ऊस झोपणार.” पुढं लोणावळ्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

हॉटेलच्या दारात पोलीस ठाण्यासारखी तपासणी, सामान यंत्रातून जातं. मग फेट्यातला उंचापुरा दरवान हात जोडून नमस्कार करतो. आत गालिचा. आत्या कडेकडेनं फरशीवरून चालायला लागल्या. एवढ्या चांगल्या जाजमावर चपला घालून कसं जायचं? दरवान मराठीत म्हणाला, “आजी, तुमच्यासाठीच अंथरलंय, या.” नातवाचं लक्ष मात्र दाराशी निवांत झोपलेल्या भटक्या कुत्र्याकडे. आपल्या चौकातल्यासारखंच कुत्रं, आणि त्याला कुणी हाकलत नव्हतं. पुढं दोन दिवस त्यानं ज्याला-त्याला ताजचं वर्णन सांगितलं ते त्या कुत्र्याचं. तेव्हा समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी ज्यादा पैसे मोजण्याआधी, मुलांना नेमकं काय बघायचंय ते विचारून घ्या!

आता थोडी माहिती सांगते, कारण मुलांना नेलं तर वास्तूची गोष्ट सांगता आली पाहिजे. ताज सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ रोजी. समोरचा गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हताच. तो खुला झाला १९२४ ला. म्हणजे बोटीनं येणाऱ्या माणसाला मुंबई दिसायची ती आधी या हॉटेलच्या घुमटासकट. जमशेटजी टाटांना कुठल्याशा गोऱ्यांच्या हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी हे बांधलं, अशी कथा सगळीकडे सांगतात, पण तिला भक्कम पुरावा नाही. पुराव्याची गोष्ट मला जास्त आवडली. या इमारतीचा आराखडा करणाऱ्यांत एक आपला मराठी माणूस होता, रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा. वैद्य काम पुरं होण्याआधीच वारले आणि पुढचं काम चेंबर्स नावाच्या इंग्रज वास्तुतज्ज्ञानं तडीस नेलं. स्वतः जमशेटजीही हॉटेल सुरू झाल्यावर सहा महिन्यांच्या आत, मे १९०४ मध्ये, जर्मनीत वारले. पहिल्या महायुद्धात याच हॉटेलचं ६०० खाटांचं इस्पितळ झालं होतं. नात म्हणाली, “आजी, म्हणजे इथं गरीब सैनिकपण झोपलेत?” झोपलेत की.

खोलीत गेल्यावर पोरांचा जो धुडगूस सुरू झाला तो काय सांगू! पडदे कळ दाबून सरकतात, दिवे कळ दाबून विझतात. न्हाणीघर आमच्या देवघरासकट स्वयंपाकघराएवढं. फोन उचलला की पलीकडून गोड आवाज. नातवाला तो खेळच वाटला. त्यानं पाणी मागवलं, आणखी एकदा पाणी मागवलं, मग टॉवेल मागवला. दर खेपेला एक तरुण मुलगा हसतमुखानं दारात हजर. तिसऱ्या खेपेनंतर आत्यांनी पणतूला जवळ घेतलं.

“आरं, त्यो कितव्यांदा वर आला?”

“पणजी, लिफ्ट असते त्यांना.”

“लिफ्टला पाय न्हाईत बाळा. त्याला हायेत.”

पोरगं गप्प झालं. मग दारापर्यंत गेलं आणि त्या मुलाला नाव विचारून आलं. पुढच्या वेळी फोन केला तो “दादा, जमेल तेव्हा आणा,” असा.

सकाळी वेगळीच गंमत. खोली आवरायला एक पोरगा आला, तर आत्यांनी पलंगाची चादर आधीच ताणून, पांघरुणाच्या घड्या घालून, उशा रचून ठेवलेल्या. तो संकोचून म्हणाला, “आजी, हे माझं काम आहे.” आत्या म्हणाल्या, “माझंबी हेच हुतं की साठ वरसं. पगार नव्हता येवढंच.” तो हसला. सूनबाई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. मग आत्यांनी त्याला गाव विचारलं. साताऱ्याकडचा निघाला. जेवलास का, शिक्षण किती, आई काय करते, अशी सगळी चौकशी झाली. “आई-वडलांनी बघितलंय का रं ह्ये हाटेल?” तो म्हणाला, “बाहेरून बघितलंय. गेटवेला आले होते तेव्हा.” आत्यांनी पिशवीतून करंजीचा डबा काढला. घेताना तो आधी दाराकडे बघायला लागला, मग घेतली.

वहिनी, मला त्या हॉटेलातलं सगळ्यात महाग काय वाटलं, तर ही मुलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तिथं अतिरेकी घुसले. २९ तारखेच्या सकाळपर्यंत ते थैमान चाललं. त्या वेळी जेवण वाढणारे, स्वयंपाक करणारे, सामान उचलणारे लोक पाहुण्यांना बाहेर काढत राहिले. मागच्या वाटा त्यांना पाठ होत्या, पळून जाता आलं असतं. टेलिफोनवर काम करणारे बाहेर पडल्यावर पुन्हा आत गेले, कशासाठी? तर खोल्याखोल्यांत फोन करून “बाहेर येऊ नका, दिवे बंद ठेवा” हे सांगण्यासाठी. त्या हल्ल्यात ताजमध्ये ३१ जण गेले. त्यांची नावं हॉटेलातल्या स्मारकावर आहेत. नातीनं ती एकेक करून वाचली. काही नावं तिला वाचता येईनात, तरी सोडली नाहीत.

पुढं २०११ मध्ये अमेरिकेतल्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये यावर एक लेख आला. ही माणसं अशी का वागली याचा त्यात शोध आहे. त्यात लिहिलंय की ताजवाले कामाची मुलं निवडताना महानगरांपेक्षा लहान शहरांकडे बघतात, आणि इंग्रजीपेक्षा तीन गोष्टी आधी पाहतात: मोठ्यांविषयी आदर, हसरा स्वभाव आणि घरची गरज. समोर बसलेल्या नववी-दहावीच्या मुलांनो, नीट ऐका. इंग्रजी आलंच पाहिजे, त्यात सवलत नाही. पण ज्या गोष्टी आपल्या कोऱ्हाळ्यात आजी-आजोबा रोज फुकट शिकवतात, त्यांना तिथं किंमत आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलो. कारखान्याच्या बाजूला ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या पडायला लागल्या होत्या. बीड-नगरकडून टोळ्या उतरत होत्या, चुली पेटल्या होत्या. नातवानं विचारलं, “पणजी, पंधरा टन ऊस तोडायला किती दिवस लागतात?” आत्यांना तोंडपाठ. “एक कोयता म्हंजी नवरा-बायको. दिवसाला दीड-दोन टन.” पोरांनी बोटांवर हिशोब केला. आठ-दहा दिवस. आपण ज्या खोल्यांत एक रात्र झोपलो, तेवढ्या भाड्याचा ऊस तोडायला दोन माणसांना आठ-दहा दिवस पहाटेपासून राबावं लागतं. मजुरी म्हणून हातात येतं ते त्यातलं थोडंसंच. नात म्हणाली, “आजी, मग आपण जायला नको होतं का?”

या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं तेच तुम्हाला देते. जायला हवं होतं. पैसा कष्टाचा असेल, कर्ज काढलेलं नसेल, तर आयुष्यात एकदा म्हाताऱ्या माणसाला गालिच्यावरून चालवण्यात काही पाप नाही. त्या पैशावर त्या साताऱ्याच्या मुलाचंही घर चालतं. पण मुलांना हॉटेलात नेऊन त्यांना नुसती कळ दाबायला शिकवलं, तर पंधरा टन वाया गेले म्हणा. कळ दाबली की कोण उठतं, कुठून येतं, त्याचं नाव काय, हे त्यांना दिसलं तर ते पैसे वसूल झाले. अशा ठिकाणी काम मुद्दाम नजरेआड ठेवलेलं असतं. आपण जेवून येतो तोवर खोली आवरलेली असते, ओला टॉवेल गायब झालेला असतो. ते काम मुलांच्या नजरेत आणून देणं हे बरोबरच्या मोठ्या माणसाचं काम.

जाणार असाल तर चार गोष्टी सांगते. खोली घेताना नाश्ता धरलाय का आणि मुलांच्या ज्यादा बिछान्याचे पैसे वेगळे का, हे आधीच विचारा. बहुतेक मोठ्या हॉटेलांत खोली दुपारी मिळते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत सोडावी लागते, तेव्हा त्या बेतानं निघा. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधला खाऊ बहुधा फुकट नसतो, पोरांना दारातच बजावा. पोहायला पोहण्याचेच कपडे लागतात, बनियन चालत नाही. आणि करंज्यांचा डबा जरूर न्या.

आता जरा घरचं बोलते. रौप्यमहोत्सव आहे, कौतुक करायचंच. पंचवीस वर्षांपूर्वी इथं नुसती काळी माती आणि बाभळी होत्या. आज कमान आहे, रस्ते आहेत, दिवे आहेत, मुलांना घसरगुंडी आहे. हे उभं करणाऱ्या जुन्या संचालकांना माझा मनापासून नमस्कार. पण मुंबईहून आल्यावर नातीनं मला आणखी एक प्रश्न विचारला, तो मी तुमच्यापुढे ठेवते. आपल्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी सकाळी सातला येतात, दुपारी एकला जातात. गेटवरचे काका रात्रभर बसतात. पाणी सोडणारे मामा पहाटे चारला येतात. नातीनं विचारलं, “आजी, ते बाथरूमला कुठं जातात?”

मैत्रिणींनो, सहा तास. बाईमाणूस. आपण सगळ्या बायका आहोत, जास्त बोलायला नको.

म्हणून माझी अध्यक्षांना जाहीर विनंती आहे. रौप्यमहोत्सवी निधीतून समारंभ होऊ दे, सत्कार होऊ देत, पण सभागृहाच्या मागच्या बाजूला कामाच्या माणसांसाठी एक स्वच्छतागृह बांधावं. पाण्याची सोय असलेलं, आतून कडी लागणारं. त्याला बाहेरून कुलूप नसावं. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव मी स्वतः मांडणार आहे. अनुमोदनाला आमची सूनबाई उभी राहणार होती, पण ती सभासद नाही, तेव्हा एक हात मला तुमच्यातूनच लागेल. आणि दुसरं, स्मरणिकेत संचालक मंडळाची यादी छापाल, त्याच पानावर या तिघांची पूर्ण नावं छापावीत. मावशी, काका, मामा असं नको. आई-बापांनी ठेवलेली नावं.

खर्च किती येईल, ते मी गवंड्याला विचारून आले आहे. आकडा सचिवांकडे दिला आहे. आत्यांनी तो उसात मोजून पाहिला आणि म्हणाल्या, “मांड बिनघोर ठराव.”