रशियाचे जुने चांदीचे रूबल : दुर्मिळता आणि वाजवी मोल



जुन्या नाण्यांचा संग्रह करणाऱ्याला दोन प्रश्न आयुष्यभर सोडीत नाहीत : हे नाणे कितपत दुर्मिळ, आणि ह्याचे काय द्यावे? ह्या दोहोंचे उत्तर एकच, म्हणजे दुर्मिळतेचा निर्णय झाला की मोल आपोआप ठरते, असा समज बाजारात रूढ आहे. तो किती फसवा आहे हे दाखविण्यासाठी मी आज रशियन साम्राज्याच्या चांदीच्या रूबलांचा विषय घेतला आहे. दुर्मिळता ज्या ज्या कारणांनी उत्पन्न होते, म्हणजे टंकनच अल्प होणे, राजाज्ञेने नाणी परत मागविली जाणे, भट्टीत वितळविली जाणे आणि टांकसाळीनेच मागाहून प्रतिकृती काढणे, ती सारी ह्या एकाच मालिकेत लेखी दाखल्यांसह पाहावयास मिळतात.

प्रथम धातूचा विचार करू, कारण मोलाचा पाया तोच. कॅथरिन दुसरीच्या कारकिर्दीतला रूबल सुमारे २४ ग्रॅम वजनाचा आणि हजारात ७५० कसाचा होता. निकोलस दुसऱ्याचा रूबल २० ग्रॅमचा, परंतु ९०० कसाचा. वजन घटले, कस वाढला आणि शुद्ध चांदी दोन्ही ठिकाणी १८ ग्रॅमच राहिली. सम्राट पॉलच्या अमदानीतील १७९७ सालचे जड रूबल हा अपवाद सोडला, तर दीड शतकाहून अधिक काळ हे प्रमाण टिकले. आणि क्रांतीनंतर सोव्हिएट सत्तेने १९२४ साली जो रूबल पाडला, त्याच्याही कडेवर १८ ग्रॅम शुद्ध चांदीचीच ग्वाही कोरलेली आहे. झारशाहीतील शेवटच्या रूबलांच्या कडेवर हाच मजकूर '४ झोलोत्निक २१ दोल्या' अशा जुन्या वजनांत येतो. आपल्या ओळखीचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया एक तोळ्याचा आणि त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम, हे ध्यानी घेतले म्हणजे एका रूबलात पावणेदोन रुपयांना थोडी कमी पडेल इतकी चांदी होती, हा हिशेब कोणासही करता येईल.

ह्या हिशेबाचा उपयोग असा की, कोणत्याही अस्सल रूबलाचे किमान मोल त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने ठरते आणि त्यावर जे काही मागितले जाते त्याची कैफियत विक्रेत्याने द्यावयाची असते. मात्र सुट्या नाण्यांना हा हिशेब सरसकट लावू नये. १८६७ नंतरची ५, १०, १५ आणि २० कोपेकांची नाणी निम्म्या कसाची आहेत, आणि 'चांदी ती चांदीच' अशा भरवशावर त्यांना रूबलाच्या दराने तोलून घेणारा ग्राहक पहिल्याच व्यवहारात जवळजवळ निम्मे द्रव्य गमावतो.

आता दुर्मिळतेकडे वळू. टांकसाळीच्या दफ्तरातील आकडा हा नाण्याच्या जन्माची नोंद आहे. संग्राहकाला प्रयोजन आहे ते हयातीच्या नोंदीशी, आणि ती कोणत्याही दफ्तरात लिहिलेली नसते. उदाहरणार्थ, निकोलस दुसऱ्याचे अर्थमंत्री व्हिट्टे ह्यांनी चलन सोन्याशी जोडून कागदी रूबलांच्या जागी चांदी चालू केली, तेव्हा एकट्या पीटर्सबर्गला मागणी पुरविता येईना; म्हणून पॅरिस आणि ब्रुसेल्स येथेही रूबल पाडून घेतले गेले. पॅरिसच्या नाण्यांच्या कडेवर एक तारा असतो, ब्रुसेल्सच्या कडेवर दोन, आणि पीटर्सबर्गच्या कडेवर टांकसाळीच्या अधिकाऱ्याची आद्याक्षरे. १८९८ साली पीटर्सबर्गला सुमारे १ कोटी ८७ लाख रूबल पाडले गेले. पुढे महायुद्ध सुरू होताच लोकांनी कागद खर्चून चांदी पुरून ठेवली, त्यामुळे त्यांतले पुष्कळ आजही भेटतात. झिजलेल्या १८९८ च्या रूबलाला 'दुर्मिळ शाही नाणे' म्हणून चांदीच्या कितीतरी पट दाम मागणारा विक्रेता ग्राहकाच्या अज्ञानाचे मोल मागत असतो. ह्याउलट १९०४ चा रूबल बारा हजारांच्या आसपासच पाडला गेला. दोन्ही नाण्यांवर तोच झार, तेच वजन, तोच कस. भेद काय तो सालाचा. म्हणूनच १९०४ च्या रूबलाची पारख करताना सालाच्या शेवटच्या अंकाभोवतीचा पृष्ठभाग भिंगाखाली पाहिल्यावाचून पैसा मोजू नये, कारण सामान्य सालाचा एक अंक कोरून बदलणे हा बनावटीचा फार जुना आणि फार सोपा प्रकार आहे.

परंतु जन्मनोंदीवर विसंबणे दुसऱ्याही बाजूने घातक ठरते. बाल सम्राट इव्हान सहावा ह्यास १७४१ च्या अखेरीस, त्याच्या जागी सम्राज्ञी झालेल्या एलिझाबेथने पदच्युत केले, आणि त्याच्या नावाची नाणी परत करून घेऊन ती पुन्हा टंकनास धाडण्याचे हुकूम सुटले. त्याचे रूबल राज्यभर खेळते चलन होते; आज जे उरले आहेत ते हुकूम चुकवून उरलेले आहेत. तरीही ते अप्राप्य नाहीत, मोठ्या लिलावांत अधूनमधून येतात, आणि 'जगात दोनचारच' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गांगुत येथील रशियाच्या नाविक विजयास २०० वर्षे झाली म्हणून १९१४ साली जो स्मारक रूबल काढला गेला, त्याची कथा मला सर्वांत बोधप्रद वाटते. तो तीस हजारांच्या आसपास पाडला गेल्याची नोंद आहे, म्हणजे १९०४ च्या साध्या रूबलाच्या दुपटीहून अधिक. परंतु युद्धाच्या धामधुमीत त्याचा मोठा भाग लोकांच्या हाती पडलाच नाही आणि वितळविला गेला. पुढे १९२७ साली सोव्हिएट संग्राहक संघटनेच्या मार्फत तो संग्राहकांसाठी पुन्हा पाडण्यात आला. ही दुसरी आवृत्ती खरीखुरी चांदीची, टांकसाळीतलीच. तिला बनावट म्हणणे अन्यायाचे होईल आणि १९१४ च्या दराने घेणे अविचाराचे. दोहोंतील बारीक भेद ज्याला दाखविता येत नाही, त्या विक्रेत्याकडून हे नाणे घ्यावयाचेच झाले तर उत्तरकालीन प्रतीच्याच दराने घ्यावे.

अशा मागाहून काढलेल्या प्रतींना रशियन संग्राहक 'नोव्होदेल' म्हणतात. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत धनाढ्य शौकिनांच्या मागणीवरून टांकसाळ जुन्या सालांची नाणी सर्रास पाडून देत असे, कधी जुन्या ठशांनी, कधी नव्याने कोरून. हा प्रघात १८९० मध्ये बंद झाला आणि त्यामागे ग्रँड ड्यूक गिओर्गी मिखाइलोविच ह्यांचा आग्रह होता. रशियन नाण्यांवर त्यांनी जो बहुखंडात्मक ग्रंथ सिद्ध केला, तो ह्या शास्त्राचा आधारस्तंभ होय. ह्या विद्वान पुरुषास १९१९ साली पेट्रोग्राडच्या किल्ल्यात गोळ्या घालण्यात आल्या, ही हकीकत सांगताना आजही मन विषण्ण होते. कित्येक नोव्होदेल मूळ नाण्यांहूनही विरळ आहेत. तथापि त्यांनी कधी बाजार पाहिला नाही, आणि ज्याला इतिहासाचे नाणे हवे त्याने त्यांच्या विरळपणाला भुलू नये असे माझे मत आहे.

१८२५ च्या कॉन्स्टंटाइन रूबलाचा उल्लेख टाळता येणार नाही. अलेक्झांडर पहिला तागानरोग येथे वारला. वारस म्हणून बंधू कॉन्स्टंटाइनच्या नावे शपथा झाल्या. त्याने गुप्तपणे त्यागपत्र दिल्याचे ठाऊक नसल्यामुळे पीटर्सबर्गच्या टांकसाळीने त्याच्या मुखवट्याचे नमुने तयार केले. आणि डिसेंबरात निकोलस पहिला गादीवर येताच ते नमुने ठशांसह अर्थखात्याच्या दफ्तरात बंद झाले, ते १८७९ पर्यंत. आज त्यांतील एक हर्मिटेज संग्रहालयात आहे आणि एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये. ज्या नाण्याच्या प्रती बोटांवर मोजता येतात, त्याला 'वाजवी भाव' असा शब्दच लावता येत नाही. तेथे दोन श्रीमंतांची ईर्षा भाव ठरविते. आपल्यासारख्यांनी त्याची एकच खूण ठेवावी : ते नाणे कोणी विकावयास आणले, तर ते खोटे समजावे.

भाव ठरविण्याची साधने कोणती? पेत्रोव्ह आणि इल्यिन ह्या नाणेतज्ज्ञांनी क्रांतिपूर्व काळात दिलेले अंदाज उत्तरकालीन सूच्यांत आजही छापले जातात, आणि कोणते नाणे कोणत्याहून विरळ ह्याचा क्रम समजण्यास ते उपयोगी आहेत. पण त्या दोघांना पुढचा काळ दिसलेला नव्हता. १९३१ ते १९३६ ह्या वर्षांत 'तोर्गसिन' नावाच्या सरकारी दुकानांनी भुकेल्या लोकांकडून पीठ आणि साखर ह्यांच्या मोबदल्यात सोनेचांदी गोळा केली, आणि अगणित रूबल तेथून भट्टीत गेले. म्हणून छापील सूचीपेक्षा प्रत्यक्ष लिलावांत पूर्ण झालेले सौदे पाहावेत : तेच साल, तीच टांकसाळ, तीच अवस्था असलेले निदान तीनचार सौदे, त्यांतही पुकारलेला भाव आणि ग्राहकाने दलालीसह मोजलेली रक्कम ह्यांतील अंतर ध्यानी घ्यावे. मागितलेला भाव हा भाव नव्हे.

अवस्थेविषयी थोडक्यात सांगतो. सामान्य सालाचे नाणे उत्तम अवस्थेतच घ्यावे. विरळ सालाचे झिजलेलेही स्वीकारावे. घासून चकचकीत केलेले नाणे मात्र, त्याची काळसर झिलई पुन्हा आणता येत नसल्यामुळे, कोणत्याही सालाचे असो, बट्ट्यानेच घ्यावे. दागिन्यासाठी लावलेली कडी काढून डाख घासून टाकला असेल, तर कडेवरील अक्षरे त्या जागी अस्पष्ट होतात. तेथे बोट फिरवून पाहावे. अस्सलपणाची एक साधी परीक्षा घरीही करता येते. २० ग्रॅमचा रूबल दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोलला असता त्याचे वजन १.९४ ग्रॅमच्या आसपास घटते. मुलामा दिलेल्या पितळेचे त्याहून बरेच अधिक घटते. ही परीक्षा धातूची खातरजमा करते, ठशाची नव्हे. चांदीच्याच बनावटी पुष्कळ आहेत.

भोक पाडलेल्या नाण्यांबद्दल मात्र मला रूढ मताहून वेगळे सांगावयाचे आहे. व्होल्गाकाठच्या चुवाश आणि मारी स्त्रिया आपल्या शिरोभूषणांवर चांदीची नाणी ओवीत असत. आपल्याकडच्या पुतळीच्या माळेत जो भाव आहे तोच तेथे होता. सुटे मिळालेले असे छिद्रयुक्त नाणे धातूच्या भावाहून फार वर घेऊ नये, हे खरे. परंतु संपूर्ण शिरोभूषण शाबूत मिळाले, तर त्यातील नाणी मोजून, प्रत्येकाचा बट्टा वजा करून, बेरजेने त्याची किंमत करण्याची जी पद्धत व्यापाऱ्यांत आहे ती मला सर्वथा अमान्य आहे. कारण इव्हान चौथ्याच्या काळचे तारेपासून ठोकलेले चिमुकले कोपेक आणि कॅथरिनचे रूबल एकत्र कोणी, कोणत्या क्रमाने ओवले, ह्याचा पुरावा त्या धाग्यातच आहे आणि धागा तोडल्यावर तो कोणत्याही किमतीस परत मिळत नाही. अशा वस्तूचे मोल वस्त्रालंकारांच्या जाणकाराकडून करवून घ्यावे, आणि नाण्यांच्या सूच्या त्या वेळी बाजूस ठेवाव्यात.