आधी दोन सऱ्या

गेवराईच्या कचेऱ्यांत कामासाठी येणारा माणूस बहुधा खेड्यावरचा असतो. एका दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.ला पैसे घालून तो एखादा दाखला किंवा उतारा घ्यायला येतो. खिडकीपाशी त्याला सांगतात, ‘अपडेट चालू आहे, बसा.’ तो बसतो. तेवढ्यात वीज जाते आणि मशीन अर्ध्यावरच अडकून पडतं. मग ‘उद्या या.’ अपडेट म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगत नाही. आपलं काम नेमकं कोणापाशी अडलं, हेही त्याला कळत नाही.

मी कवितेचा माणूस. पण दुरुस्ती हा शब्द आमच्याही धंद्यातला आहे. छापलेल्या कवितेतली चूक दुसऱ्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते, आणि कवितासंग्रहाला दुसरी आवृत्ती सहसा येत नाही! संगणकाचं तसं नाही. विंडोज ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली. तिच्यातल्या चुकांची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाठवत आली आहे. यात एक गोम आहे. दुरुस्ती जाहीर झाली की भिंतीला भोक कुठे होतं, हे चोरालाही कळतं. म्हणून ती आल्यावर जो जितका उशीर करील, तितका त्याचा धोका वाढतो.

२०१७ साली हेच झालं. १४ मार्चला विंडोजमधल्या एका मोठ्या भोकाची दुरुस्ती आली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू त्याच भोकातून जगभर शिरला. मधे जवळजवळ दोन महिने होते. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. एवढं होऊनही अनेकांनी दुरुस्ती केली नाही आणि २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्याचा फटका थेट आपल्या न्हावा-शेवा बंदराला बसला. तिथलं एक टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडे होतं. कोणता कंटेनर कोणाचा, तो कुठे ठेवायचा, कोणत्या जहाजावर चढवायचा, हे सगळं संगणकाच्या स्मरणात असतं. संगणक बसले आणि टर्मिनलचं काम ठप्प झालं. मर्स्कला पुढे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्यानं उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनीच २०१८ साली सांगितलं.

यातली खरी विचित्र गोष्ट पुढेच आहे. नॉटपेट्या शिरला तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! म्हणजे औषधाच्या बाटलीतून विष आलं. आणि एकदा आत आल्यावर एका संगणकातले पासवर्ड चोरून तो दुरुस्त केलेल्या संगणकांतही घुसला.

मग अपडेट घ्यावं की न घ्यावं? १९ जुलै २०२४ आठवून पाहा. क्राउडस्ट्राइक या कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर जगभरच्या संस्था वापरतात. त्या दिवशी त्याचं एक सदोष अपडेट सगळीकडे एकदमच गेलं आणि सुमारे पंच्याऐंशी लाख संगणक निळे पडदे दाखवत बसले. आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीनं चूक सव्वा तासात मागे घेतली, पण बंद पडलेली बरीचशी मशीनं एकेक करून माणसांनाच उठवावी लागली.

माझ्या मते याचं उत्तर आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. कपाशीचं नवं वाण आलं की शहाणा शेतकरी सगळं रान त्याखाली घालत नाही. आधी दोन सऱ्या लावून बघतो. मोठ्या संस्थांत संगणकांचंही असंच करतात. आलेलं अपडेट आधी चार-दोन मशीनवर चढवायचं. त्यावर रोजचं काम चालतं का, छपाई होते का, मराठी अक्षरं नीट उमटतात का, ते पाहायचं. मग एका विभागाला द्यायचं आणि शेवटी सगळ्यांना. त्यासाठी प्रत्येक मशीननं इंटरनेटवरून वेगवेगळं ओढायचं कारण नाही. एका सर्व्हरवर उतरवून घेतलं की तिथून बाकीच्यांना वाटता येतं. जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी जसं चाऱ्यांनी रानोरानी जातं, तसं. वेळ ठरवायची ती खिडकी बंद झाल्यानंतरची, आणि मूळ माहितीची प्रत आधी बाजूला काढून ठेवायची. मात्र ही चाचणी दिवसांत संपली पाहिजे. महिने लावले, तर चोराला आयतं रान मिळतं.

हे करायला फार मोठी विद्या लागत नाही, एक जबाबदार माणूस लागतो. आपल्याकडे शाळा, पतसंस्था, लहान दवाखाने यांत तोच बहुधा नसतो. संगणक बंद पडला की चौकातल्या दुरुस्तीवाल्या पोराला फोन जातो. तो बिचारा येतो आणि कटकट नको म्हणून अपडेटच कायमचं बंद करून जातो. सगळे खूश! कपाटं आणि खुर्च्या किती, याची नोंदवही असते, पण कोणत्या मशीनवर कोणती प्रणाली आहे याची यादी मागितली तर सगळे एकमेकांकडे बघतात.

ही यादी आता तातडीची झाली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज दहाची नेहमीची मोफत दुरुस्ती थांबली. पुष्कळ जुने संगणक विंडोज अकराच्या अटींत बसत नाहीत. संस्थांना पैसे भरून आणखी तीन वर्षांपर्यंत सुरक्षेची दुरुस्ती घेता येते, पण ती रक्कम दरवर्षी दुप्पट होते. तेव्हा कोणतं मशीन ठेवायचं, कोणतं बदलायचं आणि लोकांची कागदपत्रं असलेलं मशीन आधी बदलायचं की साहेबांच्या टेबलावरचं, हे मार्चचं अंदाजपत्रक मांडण्याआधी ठरवावं लागेल.