शाळेची जागा व आपलें कर्तव्य
(धर्मग्रामाच्या ज्युबिली-सप्ताहांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवसांत मागें वळून पाहण्याची रीत आहे. धर्मगुरूंचे श्रम, धर्मभगिनींचा त्याग आणि आपल्या वाडवडिलांची श्रद्धा यांचें स्मरण ह्या सप्ताहांत पुष्कळ वक्त्यांनीं केलें, व तें योग्यच झालें. आज आम्हांस ज्या विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत, तो मात्र पुढील काळाचा आहे. तो विषय म्हणजे शाळेची जागा.

१९५५ सालीं अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. त्यापूर्वींही व त्यानंतरही वऱ्हाडांत पुष्कळ ठिकाणीं देवमंदिर व शाळा हीं एकाच कुंपणांत उभीं राहिलीं. देवमंदिराची जागा सहसा कोणी मागत नाहीं. शाळेचें मैदान मात्र बाजारपेठेच्या वाढीबरोबर सर्वांच्या नजरेंत भरूं लागतें. शहर वाढलें, जमिनीचे भाव चढले, इमारत जुनी झाली, कीं कोणी तरी म्हणतो, ‘ही पाडावी, रस्त्याच्या बाजूस दुकानें काढावीं, आणि त्या उत्पन्नांतून वरच्या मजल्यांवर नवी शाळा बांधावी.’ असा प्रस्ताव नगरपालिकेच्या शाळेविषयीं येवो, दुसऱ्या कोणा संस्थेच्या शाळेविषयीं येवो, कीं आपल्याच शाळेविषयीं येवो. त्या वेळीं ख्रिस्ती माणसानें कसें वागावें, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. जुनी इमारत पाडणें हें नेहमींच अनिष्ट नव्हे. तामिळनाडूंतील कुंभकोणम् येथें १६ जुलै २००४ रोजीं एका शाळेस आग लागून ९४ मुलें मृत्युमुखीं पडलीं. ज्या छताखालीं मुलें सुरक्षित नाहींत, तें केवळ जुनें म्हणून जपणें ही भक्ति नव्हे. तेव्हां ‘पाडूं नका’ अशी आरोळी ठोकणें एवढेंच आपलें कर्तव्य नाहीं. निर्णय कोणाच्या हितासाठीं होत आहे हें पाहणें, आणि तो होण्यापूर्वीं बोलणें, हें आपलें कर्तव्य आहे.

‘होण्यापूर्वीं’ ह्या शब्दावर आमचा सारा भर आहे. न बोलण्याची किंमत काय पडते, हें पुण्याच्या भिडेवाड्याच्या हकीकतीवरून दिसून येईल. बुधवार पेठेंतील ह्या वाड्यांत १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढिली. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते. तें मिशन आपल्या धर्मसभेचें नव्हे. तरी ख्रिस्ती शिक्षकांनीं पेरलेलें बीं कोठें उगवलें, हें आपण कृतज्ञतेनें स्मरावें. ज्या वाड्यांत मुलींनीं हातीं पाटी धरली, त्याच वाड्यांत पुढें दुकानें आलीं, भाडेकरू आले, आणि भिंती ढासळत गेल्या. २००६ सालीं पुणें महानगरपालिकेनें तेथें स्मारक करण्याचा ठराव केला. ठराव झाला, पण जागा हातीं येईना. कारण भाडेकरूंनीं न्यायालयांत दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल महानगरपालिकेच्या बाजूनें लागला तो ऑक्टोबर २०२३ मध्यें. नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तो कायम ठेविला, आणि ४ डिसेंबरच्या रात्रीं वाडा पाडण्यांत आला. ठरावापासून सतरा वर्षें गेलीं. शाळेपासून मोजलीं तर पाऊणेदोनशें.

ह्यांत दोष कोणाचा? दुकानदारांचा संसार त्या दुकानांवर चालला होता, आणि त्यांनीं कायद्याचाच मार्ग धरला होता. महानगरपालिकेचा हेतुही उदात्त होता. चूक झाली ती त्याच्या कितीतरी आधीं, ज्या दीर्घ काळांत ‘ही शाळेची जागा आहे’ असें ठामपणें म्हणणारें कोणी पुढें आलें नाहीं. जेव्हां सर्वांस त्या भिंतींचें मोल कळलें, तेव्हां त्या भिंती उभ्या ठेवण्याजोग्या राहिल्या नव्हत्या.

संत थॉमस अक्विनास यांनीं कायद्याचें लक्षण करितांना चार गोष्टी आवश्यक मानिल्या आहेत. कायदा विवेकास धरून असावा. तो सर्वांच्या हितासाठीं असावा. समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्यानें तो केलेला असावा. आणि तो लोकांपुढें जाहीर झालेला असावा. ह्यांतील चौथी गोष्ट किरकोळ वाटेल, पण व्यवहारांत सारें तिच्यावरच अवलंबून असतें. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, ह्यानें ती सक्तीची केली आहे. शहराचा प्रारूप विकास आराखडा तयार झाला, म्हणजे तशी नोटीस प्रसिद्ध करावी लागते. त्यानंतर तीस दिवसांत नागरिकांस लेखी हरकत किंवा सूचना देतां येते; नियोजन समितीपुढें सुनावणी होते; आणि मगच आराखडा सरकारच्या मंजुरीस जातो. मंजूर आराखड्यांत किरकोळ फेरबदल करावयाचा असला, तरी हरकतींसाठीं मुदत द्यावी लागते.

ह्याच अधिनियमाचें १२७ वें कलम आपण विशेष लक्षांत ठेवावें. शाळेसाठीं किंवा मैदानासाठीं राखलेली खाजगी जागा आराखडा अंमलांत आल्यापासून दहा वर्षांत संपादन झाली नाहीं, तर मालकास नोटीस देतां येते; आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाचें पाऊल पडलें नाहीं, तर तें आरक्षण रद्द ठरतें. तेथें मोर्चा निघत नाहीं, पाडापाडी होत नाहीं. केवळ मुदत संपते, आणि पुढच्या पिढीचें मैदान नकाशावरून पुसलें जातें. मालकावर अन्याय होऊं नये म्हणून हें कलम आहे, व तें न्याय्यही आहे. परंतु मुदतीचे दिवस मोजणारा जागरूक नागरिक नसेल, तर मुलांची बाजू कोण मांडणार?

आपल्या प्रांताचा ताजा अनुभव पाहा. मार्च २०२२ मध्यें अमरावती व अकोला ह्या दोन्ही महानगरपालिकांची मुदत संपली, आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तेथील कारभार प्रशासकांच्या हातीं राहिला. जवळजवळ चार वर्षें नागरिकांस आपला नगरसेवक नव्हता. प्रतिनिधि असो वा नसो, कायद्यानें दिलेला हरकतीचा अधिकार नागरिकाजवळ राहतोच. तो वापरणें मात्र त्याच्याच हातीं असतें. उलट, स्थानिक संस्थेनें मनावर घेतलें तर काय होऊं शकतें, तेंही वऱ्हाडानें पाहिलें आहे. १९२८ सालीं डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, तेव्हां शिक्षणासाठीं कर वाढविण्याचा अप्रिय निर्णय त्यांनीं घेतला, आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुल्या केल्या. कौन्सिलच्या एका ठरावानें गरिबाच्या मुलाचें भाग्य उघडतें, व एका ठरावानें तें बंदही होतें.

पवित्र शास्त्रांतील नाबोथाची कथा आपणांस ठाऊक आहे. राजास त्याचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठीं हवा होता. नाबोथानें वडिलोपार्जित जमीन देण्यास नकार दिला, तेव्हां राजाच्या नांवानें, राजाच्या मोहोरेचीं पत्रें गेलीं, खोटे साक्षीदार उभे राहिले, आणि नाबोथाचा जीव गेला. गांवचे वडीलधारे तें सर्व पाहत होते. एकही बोलला नाहीं. ह्या कथेंत आपण नेहमीं नाबोथच असतों, असें मात्र समजूं नये. शाळेच्या भिंतीस टेकून पोट भरणारा चांभार, भाजी विकणारी बाई, जुना भाडेकरू, हेही नाबोथ असूं शकतात. आपल्या शाळेच्या नव्या इमारतीसाठीं त्यांस मुकाट्यानें हांकलून देणें प्रभूस रुचणार नाहीं. अल्पसंख्याक संस्था म्हणून संविधानाच्या ३० व्या कलमानें आपणांस अधिकार दिले आहेत. ते आपल्या शाळा चालविण्यासाठीं आहेत, शेजाऱ्याचें नुकसान करण्यासाठीं नव्हेत.

म्हणून असा कोणताही प्रस्ताव आला, कीं चार प्रश्न विचारा, मग प्रस्ताव परक्याचा असो वा आपला. बांधकाम चालू असतां मुलें कोठें बसतील, व किती दिवस? आज मैदान किती आहे, व उद्यां किती उरेल? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत मैदान हें शाळेचें आवश्यक अंग मानिलें आहे. आणि अकोल्याचें उन्हाळ्यांतील ऊन ज्यांनीं सोसलें आहे, त्यांस झाडांखालच्या मोकळ्या जागेचें मोल सांगावयास नको. तिसरा प्रश्न: सर्वांत गरीब मुलास नव्या इमारतींत प्रवेश राहील काय? पहिली ते पांचवीच्या मुलांस एक किलोमीटरच्या आंत शाळा असावी, असा महाराष्ट्राचा नियम आहे. शाळा दूर गेली, तर लहान मुलीची पावलें प्रथम थांबतात. चौथा प्रश्न: जें तोंडीं सांगितलें, तें लेखी कोठें आहे?

ह्या चौथ्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं यिर्मया संदेष्ट्यानें घालून दिलेला धडा घ्यावा. यरुशलेमास शत्रूचा वेढा पडला असतां त्यानें अनाथोथ येथील शेत विकत घेतलें, साक्षीदारांसमक्ष खत केलें, आणि तें मातीच्या भांड्यांत ठेवविलें, कीं पुष्कळ दिवस टिकावें. संकटकाळीं कागद जपणें हें त्याच्या आशेचें चिन्ह होतें. आपणही आपल्या शाळेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा, दानपत्र व मंजूर आराखड्याची प्रत हीं सर्व एका ठिकाणीं जपावीं, व पॅरिशच्या दोन-तीन जाणत्या मंडळींनीं तीं वर्षांतून एकदां तपासावीं. धर्मगुरू बदलून जातात. कागद व मंडळी येथेंच राहतात. नोटिशीच्या तीस दिवसांत एक कुटुंब एक पत्र देईल, आणि सुनावणीच्या दिवशीं शेजारच्या हिंदु, मुसलमान व बौद्ध पालकांस बरोबर घेऊन जाईल, तर ह्या ज्युबिलीचें सार्थक झालें, असें आम्ही मानूं.

आपल्या पूर्वजांनीं आपणांस शाळा दिली, ती आपण मागितली म्हणून नव्हे. आपला जन्म होण्यापूर्वींच त्यांनीं ती राखून ठेविली होती. आज अजून न जन्मलेलीं मुलें आपल्याकडे तसेंच पाहत आहेत. त्यांस बोलतां येत नाहीं, आपणांस येतें. प्रभु येशू, ज्यानें बालकांस आपल्याजवळ येऊं देण्याची आज्ञा केली, तो आपणांस वेळेवर बोलण्याचें धैर्य व न्यायानें बोलण्याची बुद्धि देवो. आमेन.