गेमचा साइज मोठा, म्हणजे गेम मोठा?

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण सुरुवातीलाच मी ओरडणार आहे. "९९९९ इन वन!"

आठवलं का काही? टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम, आणि त्याच्या कॅसेटवर छापलेला हा आकडा. मी चौथीत असताना आमच्या गल्लीत एकाकडे ती कॅसेट आली. आम्हाला वाटलं, आता दहावीपर्यंतची सोय झाली. यादी उघडली. मारिओ, कॉन्ट्रा, टँक वगैरे. पान पुढे सरकवत राहिलो, तर काही पानांनी परत कॉन्ट्रा! फक्त तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारा. मग परत टँक, वेगळ्या नावानं. खरे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळी त्यांचीच वेषांतरं.

आजचा विषय तोच आहे. जागा किती आणि त्यात माल किती? गेम १०० जीबीचा असला, तर त्यात खरंच १०० जीबीचा खेळ असतो का?

मारिओपासून सुरू करू. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा ४० केबीत बसतो. आज आपण व्हॉट्सॲपवर जो साधा फोटो पाठवतो, तोही बहुतेक वेळा याच्यापेक्षा मोठा असतो. आणि त्या ४० केबीत ३२ लेव्हल, संगीत, शत्रू, सगळं. कसं बसवलं? त्या गेममधला ढग आणि खालचं झुडूप नीट बघा. आकार एकच आहे! वर पांढरा रंग दिला की ढग, खाली हिरवा दिला की झुडूप. लेव्हलचंही तेच. ५-३ ही लेव्हल म्हणजे जरा अवघड केलेली १-३. म्हणजे आपल्या कॅसेटवाल्यानं केलं तेच, पण इथे खेळणाऱ्याला फसवल्यासारखं वाटलं नाही, कारण दुसऱ्यांदा खेळताना खरंच काहीतरी नवीन करावं लागत होतं.

त्याच्याही एक वर्ष आधी, १९८४ मध्ये, केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोघांनी 'एलिट' नावाचा गेम काढला. अंतराळात फिरायचं, व्यापार करायचा, चाच्यांशी लढायचं. कॉम्प्युटरची मेमरी फक्त ३२ केबी, आणि त्यातलाही काही भाग स्क्रीन खाणार. तरी गेममध्ये ८ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. एकूण २०४८. प्रत्येक ग्रहाचं नाव, सरकार, अर्थव्यवस्था, थोडंफार वर्णनसुद्धा!

ही यादी त्यांनी साठवलीच नव्हती. त्यांनी साठवले काही आकडे आणि एक गणित. आकडा गणितात घातला की ग्रह बाहेर पडतो, आणि तोच आकडा परत घातला की परत तोच ग्रह. या आकड्याला म्हणतात सीड, म्हणजे चक्क बी. पीक ठेवायला कोठार लागतं, बियाणं मात्र मुठीत मावतं. आज माइनक्राफ्टमध्ये जग बनवताना आपण जो सीड टाकतो, तो याच घराण्यातला.

पण याची एक किंमत आहे बरं का. गणितातून निघालेले ग्रह हजार असले, तरी थोड्या वेळानं सगळे चुलतभाऊ वाटायला लागतात. एखादं पात्र मेल्यावर खेळणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यावं, असं वाटत असेल तर ते कुणीतरी बसून लिहावं लागतं, काढावं लागतं, त्याला संगीत द्यावं लागतं. आणि ते सगळं ठेवायला जागा लागते.

म्हणून १९९७ चा फायनल फँटसी ७ महत्त्वाचा. ही मालिका तोवर निन्टेंडोच्या मशीनवर यायची. पण निन्टेंडो ६४ मध्ये कार्ट्रिज होतं, त्यात काही एमबीच जागा, सुपर मारिओ ६४ तर ८ एमबीचा. सोनीच्या प्लेस्टेशनमध्ये सीडी होती, एका सीडीत साधारण ६५० एमबी. स्क्वेअर कंपनी सरळ सोनीकडे गेली आणि गेम आला तीन सीडींवर. पण त्या तीन सीडींमधली बरीचशी जागा व्हिडिओंनी घेतली होती. मूळ गेमचा बराच भाग तिन्ही सीडींवर परत परत होता, सारखी सीडी बदलावी लागू नये म्हणून. म्हणजे इथेही '९९९९ इन वन'ची थोडी छटा आहेच!

याच्या उलटं उदाहरण रेसिडेंट ईव्हिल २ चं. प्लेस्टेशनवर दोन सीडींचा गेम, १९९९ मध्ये एंजल स्टुडिओजनं ६४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवला, व्हिडिओंसकट. चित्र जरा धूसर झालं, पण गेम तोच राहिला.

मग आज गेम इतके का फुगलेत? एक तर टेक्स्चर आणि आवाज. २०१४ चा टायटनफॉल पीसीवर ४८ जीबीचा होता, त्यातले ३५ जीबी नुसता आवाज, तोही कॉम्प्रेस न केलेला. कारण साध्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर आवाज उलगडायचा भार पडू नये.

दुसरं कारण फिरती हार्ड डिस्क. तिच्यातली सुई इकडून तिकडे जायला वेळ लागतो. म्हणून डेव्हलपर एकच वस्तू डिस्कवर अनेक ठिकाणी ठेवायचे, म्हणजे जिथे लागेल तिथे शेजारीच मिळेल. सोनीच्या मार्क सर्नींनी २०२० मध्ये सांगितलं होतं, की रस्त्यावरच्या टपालपेटीसारखी एखादी वस्तू अशी ४०० वेळासुद्धा ठेवलेली असायची. एक टपालपेटी, ४०० प्रती!

आणि २०२५ च्या शेवटी हेलडायव्हर्स २ च्या टीमनं काय केलं? या प्रती काढून टाकल्या. पीसीवर १५४ जीबीचा गेम २३ जीबीवर आला. एकही बंदूक कमी झाली नाही, एकही शत्रू गेला नाही. त्यांना भीती होती की जुन्या हार्ड डिस्कवर गेम फार हळू उघडेल. मोजून बघितलं तर फरक काही सेकंदांचाच निघाला. कारण जास्त वेळ लेव्हल तयार करण्यातच जात होता.

'मोजून बघितलं' हे शब्द मला मागच्या वर्षी फार लागले. आता जरा घरची गोष्ट सांगतो.

मी ज्या ॲपवर काम करतो, ते माझ्या आईच्या फोनमध्ये होतं. फोन जुना, ३२ जीबीचा, त्यातले निम्मे भजनी मंडळाचे व्हिडिओ. दिवाळीला घरी गेलो तेव्हा ती सहज म्हणाली, "अरे, तुझं ते ॲप काढलं मी. जागा नव्हती, आणि यादीत सगळ्यात मोठं तेच होतं."

मला हसू आलं, आणि मग नाही आलं. कारण तिच्यासारखे किती जण असतील? ते तक्रार करत नाहीत, रिव्ह्यू लिहीत नाहीत. शांतपणे अनइन्स्टॉल करतात. आम्ही मीटिंगमध्ये म्हणायचो, "आता स्टोरेज स्वस्त झालंय." स्वस्त कुणासाठी? ज्यानं हे वाक्य म्हटलं त्याच्या हातात २५६ जीबीचा फोन होता. आणि तो मीच होतो.

सुट्टीवरून आल्यावर ॲपची फाइल उघडून बघितली. एकाच फॉन्टच्या तीन प्रती. कुणीही न बघणारं सुरुवातीचं ॲनिमेशन, पूर्ण रेझोल्यूशनमध्ये. वर्षापूर्वी बंद केलेल्या फीचरची चित्रं. आणि त्यातलं ॲनिमेशन मीच टाकलेलं! दोन आठवड्यांत ॲप निम्म्यापेक्षा लहान झालं. एकही फीचर गेलं नाही.

तर माझं मत असं. जागा वाढली की दोन दारं उघडतात. एकातून फायनल फँटसीसारखी गोष्ट आत येते, जी कमी जागेत सांगताच आली नसती. दुसऱ्यातून ४०० टपालपेट्या येतात. बाहेरून दोन्हींचा आकडा जीबीतच दिसतो, म्हणून डाउनलोडचा साइज बघून गेमची किंमत करू नका.

आणि माझ्यासारखे कोड लिहिणारे ऐकत असाल, तर पुढच्या रिलीजआधी एकदा आपली फाइल उघडून बघा.

आज झोपण्याआधी सेटिंग्जमध्ये जा, स्टोरेज उघडा, आणि सगळ्यात वर काय आहे ते मला व्हॉइस नोट करून सांगा. आईच्या फोनमध्ये सध्या सगळ्यात वर भजनं आहेत. ॲप तिनं परत घेतलंय, पण मला बजावून: "परत फुगलं, तर परत काढीन."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!