बरोबरचे चिन्ह : एक की दोन?

‘ध’चा ‘मा’ होणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. हुकमातले एक अक्षर बदलते आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ होते. संगणकाच्या जगात नोव्हेंबर २००३ मध्ये असाच एक डाव टाकला गेला होता. लिनक्स ही प्रणाली जगभरातल्या असंख्य संगणकांचा पाया आहे. तिच्या आज्ञावलीची एक जास्तीची प्रत लोकांच्या सोयीसाठी वेगळी ठेवलेली होती. त्या प्रतीत कोणीतरी गुपचूप दोन ओळी घुसडल्या. वरवर वाचणाऱ्याला त्यांचा अर्थ वाटे, ‘हा वापरकर्ता संगणकाचा सर्वाधिकारी असेल, तर चूक दाखव.’ प्रत्यक्षात यंत्राला हुकूम होता, ‘याला सर्वाधिकारी कर.’ फरक होता फक्त बरोबरच्या एका चिन्हाचा. दोन चिन्हे हवीत, तिथे एकच होते. मूळ प्रतीशी ताडून पाहताना हा जास्तीचा मजकूर लक्षात आला, म्हणून डाव फसला.

आता प्रश्न असा, की एक चिन्ह लिहिले तर हुकूम आणि दोन लिहिली तर विचारणा, असा नाजूक नियम मुळात झालाच कसा?

शाळेत आपण बरोबरचे चिन्ह एकाच अर्थाने शिकतो. डावीकडे जेवढे, तेवढेच उजवीकडे. संगणकाला मात्र दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात. ‘शिल्लक शंभर कर’ ही झाली आज्ञा. ‘शिल्लक शंभर आहे का?’ हा झाला प्रश्न. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या चमूने १९५७ मध्ये फोरट्रान ही भाषा आणली, तेव्हा आज्ञेसाठी बरोबरचे चिन्ह घेतले. पुढे युरोप आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मिळून अल्गोल ६० ही भाषा घडवली. त्यांनी साधे बरोबरचे चिन्ह प्रश्नासाठी राखून ठेवले. आज्ञेसाठी वेगळे जोडचिन्ह केले, विसर्गासारखी दोन टिंबे आणि त्यांना लागून बरोबर. वाचणाऱ्याचा घोटाळा होण्याचे कारणच उरले नाही.

मग अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी बी आणि त्यानंतर डेनिस रिची यांनी सी या भाषा तयार केल्या. तिथे उलटे झाले. आज्ञेला एक चिन्ह आणि प्रश्नाला दोन. त्यामागचा युक्तिवाद असा, की आज्ञा ही प्रश्नाच्या साधारण दुप्पट वेळा लिहावी लागते, मग तिचे चिन्ह निम्म्या लांबीचे असलेले बरे. संथ चालणाऱ्या टेलिटाइपवर काम करण्याचे ते दिवस होते. टंकणाऱ्याची सोय झाली, पण ती वाचणाऱ्याच्या अंगावर आली. प्रोग्रॅम एकदा लिहिला जातो. त्यानंतर दुरुस्त्या करणारे, भर घालणारे, तपासणारे असे कितीतरी जण तो पुन्हा पुन्हा वाचत असतात.

तरीही ही पद्धत टिकली, कारण युनिक्स प्रणालीबरोबर सी भाषा सगळीकडे पोहोचली. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा आणली, तेव्हा तिचा चेहरामोहरा मुद्दाम सी आणि सी प्लस प्लस यांच्यासारखाच ठेवला. हिशेब सरळ होता. ज्यांचे हात एका लिपीला सरावले आहेत, त्यांना नवी भाषा परकी वाटता कामा नये. जावाने निदान एवढे केले, की प्रश्नाच्या जागी आज्ञा लिहिली तर बहुतेक वेळा यंत्रच अडवते. त्याच वर्षी आलेल्या जावास्क्रिप्टने तोच चेहरा घेतला आणि पुढे तिच्यात दोनाच्या जोडीला तीन बरोबरची चिन्हेही आली. जुन्या घराचे लाकूड नव्या घराला वापरले, तर त्याबरोबर वाळवीही येऊ शकते, तसेच हे झाले.

चेहरा ओळखीचा नसेल तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे केनेथ आयव्हर्सन यांची एपीएल. कमालीची आटोपशीर भाषा, पण तिची चिन्हे इतकी वेगळी, की त्यांच्यासाठी निराळा कळफलक लागे. तिचे चाहते निष्ठावान राहिले, पण वर्तुळ लहानच राहिले.

वाचणाऱ्याचा घोटाळा करणारी आणखी एक खूण पाहा. एखाद्या अटीखाली कोणत्या ओळी येतात, हे सीच्या घराण्यात महिरपी कंसांनी ठरते. माणसाचा डोळा मात्र कंसाकडे जात नाही, तो समास पाहतो. ओळ आत सरकवलेली दिसली, की ती वरच्या अटीखाली आहे असे आपण धरून चालतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीला आपल्या आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती पाठवावी लागली. सुरक्षित जोडणी करताना समोरचा संगणक खरा की तोतया, हे तपासणाऱ्या भागात ‘इथून बाहेर पड’ अशी ओळ चुकून दोनदा आली होती. दुसरी ओळही आत सरकवलेली, त्यामुळे ती अटीखालीच वाटे. कंस नसल्याने यंत्राच्या लेखी ती अटीबाहेर होती. परिणामी शेवटची तपासणी होतच नसे आणि तोतयालाही दार उघडे राही.

गुइदो व्हान रॉसम यांनी ॲम्स्टरडॅममध्ये घडवलेली पायथन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने कंस काढूनच टाकले आणि समासालाच अर्थ दिला. जे डोळ्याला दिसते, तेच यंत्रही वाचते. सी वापरणाऱ्यांनी यावरून पुष्कळ नाके मुरडली. आज सीबीएसईच्या अकरावी-बारावीला संगणकशास्त्रात पायथनच शिकवतात. तिच्या यशात तयार साहित्याच्या मोठ्या साठ्याचा वाटा आहेच, पण नवशिक्याला ती वाचता येते, हेही त्याचे एक कारण आहे. ॲपलनेही २०१४ मध्येच आणलेल्या स्विफ्ट या नव्या भाषेत एका ओळीच्या अटीलाही कंस सक्तीचे केले.

बरोबरच्या चिन्हाची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. प्रश्न विचारता विचारता आज्ञाही देता यावी, अशी सोय पायथनमध्ये असावी का, यावर २०१८ मध्ये मोठे रण माजले. सोय मंजूर झाली, पण त्या वादाला कंटाळून खुद्द व्हान रॉसम यांनी भाषेचे नेतृत्व सोडले. पुढच्या वर्षी ती सोय आली, तेव्हा तिचे चिन्ह होते दोन टिंबे आणि बरोबर, म्हणजे अल्गोलचेच! साध्या बरोबरशी गल्लत होऊ नये, म्हणून.

आज आज्ञावली लिहून देण्याचे काम यंत्रेही करू लागली आहेत. म्हणजे टंकण्याचे श्रम वाचतील, वाचून खात्री करण्याचे काम मात्र माणसाकडे राहील. आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी प्रोग्रॅमिंग शिकत असेल, तर एक करून पाहा. त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या एखाद्या शिकणाऱ्याला मोठ्याने वाचायला द्या. तो कुठे अडखळतो, कुठे आज्ञेला प्रश्न समजतो, तिथे खूण करायला सांगा. दुरुस्ती त्या जागेपासून सुरू करावी.